टायरियातील बारा संध्याकाळी : ‘गिल्ड वॉर्स २’ पायी हिंडताना

पाऊलवाट

संगणकावरचे खेळ म्हणजे धावाधाव, मारामारी आणि जागरण, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीही हा धागा वाचायला हरकत नाही, कारण यात तिन्हींपैकी फक्त जागरण आहे.

गेली दीड वर्षे मी ‘गिल्ड वॉर्स २’ या ऑनलाइन गेममधील टायरिया नावाच्या जगात हिंडतो आहे, आणि हिंडतो म्हणजे खरोखर पायी हिंडतो. रात्री जेवणे आटोपून ओटा आवरला की तासभर मिळतो. त्या तासात एखादी टेकडी चढून होते, किंवा एखादा ओढा उगमापर्यंत बघून होतो, किंवा काहीच न होता एका कुंपणाशी उभे राहण्यातच वेळ संपतो. माझे पात्र अद्याप बावन्नाव्या पातळीवर आहे. कमाल पातळी ८० आहे आणि माझ्या भाच्याने ती अकरा दिवसांत गाठली होती, हे तो मला दर भेटीत ऐकवतो.

हा गेम अमेरिकेतील अरीनानेट या कंपनीने २८ ऑगस्ट २०१२ रोजी बाजारात आणला. त्याला पहिल्यापासून मासिक वर्गणी नाही आणि २०१५ पासून मूळ गेम फुकट खेळता येतो. ही गोष्ट माझ्यासारख्याला फार महत्त्वाची आहे, कारण महिन्याला पैसे भरून एका कुंपणाशी उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नाही. शिवाय वरच्या पातळीचे पात्र खालच्या पातळीच्या प्रदेशात गेले, की त्याची ताकद त्या प्रदेशाला साजेल इतकी आपोआप उतरवली जाते, त्यामुळे पहिले गाव ‘संपले’ म्हणून मागे टाकावे लागत नाही आणि तिथे परत गेल्यावर आपण राक्षसासारखे वावरतही नाही.

माझे पहिले गाव शेमूर. ते क्वीन्सडेल या प्रदेशात आहे आणि मानवी पात्र निवडणारा प्रत्येक खेळाडू सुरुवातीला तिथेच येऊन पडतो. तिथे डाया नावाच्या शेतकरणीचे शेत आहे. तिच्या मक्याला पाणी घालायचे, गुरांना चारा द्यायचा आणि जमिनीतून वर येणाऱ्या अळ्यांचे उंचवटे पायाने दाबून टाकायचे, अशी कामे केली की तिची मदत केल्याची नोंद होते. बहुतेक जण हे काम चार-पाच मिनिटांत उरकून पुढे जातात. मी तिथे पहिल्या आठवड्यात रोज जात होतो, कारण शेताच्या बांधावरून डिव्हिनिटीज रीच या राजधानीची तटबंदी दिसते आणि ती दर वेळी वेगळी दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. टायरियातील दिवस-रात्रीचे एक चक्र आपल्या दोन तासांचे असते. त्यात सुमारे सत्तर मिनिटे दिवस, चाळीस मिनिटे रात्र आणि पहाट व सांज प्रत्येकी पाच मिनिटे, अशी वाटणी आहे. म्हणजे आपल्या एका दिवसात तिथे बारा संध्याकाळी होतात आणि त्यांतली प्रत्येक फक्त पाच मिनिटे टिकते. ज्याला चित्रासारखा स्क्रीनशॉट हवा आहे त्याचे सगळे काम या पाच मिनिटांत असते, आणि उरलेली एकशे पंधरा मिनिटे त्या पाच मिनिटांसाठी जागा शोधण्यात जातात. भर दिवसाच्या उजेडात तटबंदी नुसती तटबंदी असते. तिचे दगड, बुरूज, छपरे सगळे स्वच्छ आणि कोरडे दिसते. सांज लागली की आधी शेताच्या पलीकडची झाडे एकमेकांत मिसळून एकच गडद पट्टा होतात, मग तटाचा खालचा भाग निळसर धुक्यात विरघळतो आणि वरचे बुरूज तेवढे तांबूस उरतात. त्या वेळी कडा पुसल्या जातात. कोणीतरी ओल्या कागदावर रंग सोडला असावा तसे दिसते, आणि हे मी संगणकात नंतर केलेले नसते.

हे आपोआप होत नाही, हेही सांगायला हवे. या गेमची सगळी घडणच चित्रकारांनी चित्रकारांच्या हट्टाने केलेली आहे. कलादिग्दर्शक डॅनियल दोचू हे मूळचे रुमानियाचे, आणि केकाई कोटाकी यांच्यासारखे संकल्पचित्रकार त्यांच्या हाताखाली होते. त्यांची चित्रे गेममध्ये सजावट म्हणून येत नाहीत. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना जो पडदा दिसतो तो एक रंगवलेले चित्र असतो, कथेतील प्रसंगही रंगवलेल्या चित्रांतून सांगितलेले आहेत. मी मध्यंतरी एक उद्योग केला. पडद्यावरचे एक चित्र डोक्यात ठेवून, ते ज्या जागेवरून काढले असेल ती जागा प्रत्यक्षात शोधायला निघालो. तीन रात्री शोधली. डोंगर सापडला, बुरूज सापडला, पण दोन्ही एकत्र दिसतील अशी जागा काही सापडली नाही. चित्रकाराने डोंगर उचलून हवा तिथे ठेवला होता. ती त्याची मुभा. मला मात्र पायांनीच जागा शोधावी लागते.

माझी पद्धत साधी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एच ही बटणे एकत्र दाबली की पडद्यावरची सगळी चौकट, आकडे आणि नकाशा नाहीसे होतात. मग कॅमेऱ्याचा कोन अरुंद करतो. तो जितका अरुंद, तितके दूरचे डोंगर जवळ ओढल्यासारखे दिसतात आणि चित्रात थर तयार होतात. मार्च २०१५ मध्ये कॅमेऱ्यात जे बदल झाले, त्यांत हा कोन आणि कॅमेऱ्याची उंची ठरवण्याची सोय आली आणि पात्राच्या डोळ्यांतून बघण्याचीही सोय आली. त्यापूर्वी आपल्याच पात्राची पाठ जवळजवळ प्रत्येक चित्रात यायची. कॅमेरा मी गुडघ्याच्या उंचीवर आणतो, म्हणजे समोरचे गवत मोठे होते. त्यानंतर करायचे काही उरत नाही. उभे राहायचे.

आतापर्यंत साधारण सहाशे चित्रे साठली आहेत आणि त्यांतली बावीस मला आवडतात. आणखी कोणी असे हिंडत असेल तर आपल्या जागा आणि चित्रे येथे सांगावीत, ही विनंती.

जुनाभिडू

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी पहिला ‘गिल्ड वॉर्स’ २००५ पासून खेळत होतो. त्यात ॲस्कॅलॉन नावाचे राज्य होते आणि गेमची सुरुवात त्या राज्याच्या सुखाच्या काळात होत असे. हिरवी-पिवळी झाडे, दगडी पूल आणि गिरणीचा आवाज, असे सगळे होते. कथेत एका टप्प्यावर चार नावाची जमात (हा आकडा नव्हे, ही शिंगे असलेली, मांजरतोंडी, धिप्पाड मंडळी आहेत) आकाशातून आग पाडते आणि सगळा मुलूख जळून जातो. तो टप्पा ओलांडला की त्या पात्राला मागे फिरता येत नसे. त्यामुळे काही खेळाडूंनी तो टप्पा ओलांडलाच नाही. ते वर्षानुवर्षे त्या छोट्याशा हिरव्या प्रदेशातच राहिले आणि तिथल्या क्षुल्लक शत्रूंवर चिकाटीने विसावी पातळी गाठली. त्यांच्यासाठी पुढे गेममध्ये एक वेगळा किताबच ठेवावा लागला.

दुसऱ्या गेमची कथा सुमारे अडीचशे वर्षांनंतरची आहे. प्लेन्स ऑफ ॲशफर्ड या प्रदेशात तुम्ही गेला असाल तर ॲस्कॅलॉन शहराचे अवशेष पाहिले असतील. आता तिथे भुते पहारा देतात आणि आजूबाजूला त्याच चार मंडळींची वस्ती आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा जुना पूल कुठे असेल याचा अंदाज घेत अर्धा तास फिरलो. हे केवळ दृश्य म्हणून बघणाऱ्याला तिथे पिवळे गवत आणि पडक्या भिंती एवढेच दिसेल.

पण माझी खरी हळहळ वेगळीच आहे. लायन्स आर्च हे बंदराचे शहर आज जसे आहे तसे आधी नव्हते. जुने शहर फुटक्या गलबतांचे सांगाडे उलटे करून बांधलेले होते. घरांची छपरे म्हणजे जहाजांचे तळ होते आणि चौकात कारंज्यावर सिंहाचा पुतळा होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये कथेच्या ओघात स्कार्लेट ब्रायर नावाच्या खलनायिकेने हल्ला करून ते उद्ध्वस्त केले. वर्षभराहून अधिक काळ ते भग्नावस्थेत राहिले आणि जून २०१५ मध्ये नवे शहर उभे राहिले, ज्यात इमारतींना समुद्रातील प्राण्यांचे आकार आहेत. हे सगळे खरोखरच घडले, म्हणजे जुने शहर आता हिंडण्यासाठी उपलब्ध नाही. मी त्या शहरात दीड वर्ष रोज जात होतो, बँकेतून सामान काढत होतो, बाजारात भाव बघत होतो. माझ्याकडे त्या शहराचे किती स्क्रीनशॉट असतील? सहा. त्यांतल्या चारांत बाजाराची खिडकी उघडी आहे, एकात मी चुकून पाण्यात पडलो आहे, आणि सिंहाच्या पुतळ्याचा जो एकमेव आहे त्यात पुतळ्याच्या तोंडावर गप्पांची चौकट आली आहे, जिच्यात कोणीतरी तांब्याची खनिजे विकत घेण्याची इच्छा व्यक्त करीत आहे.

तर्कटराव

मला गेममधले फारसे कळत नाही, तरी एक शंका विचारतो. जी दृश्ये दुसऱ्या चित्रकारांनी आधीच रंगवून, प्रकाश योजून, रचना करून ठेवलेली आहेत, त्यांचे चित्र घेण्यात आपले काय असते? एखाद्या चित्रप्रदर्शनात जाऊन भिंतीवरच्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढावा तसेच हे नाही का? खोचकपणे विचारत नाही, खरोखर जाणून घ्यायचे आहे.

रानजाई

तर्कटराव, मी रविवारी सकाळी जलरंगांचे सामान घेऊन गावाबाहेर चित्रे काढायला जाणाऱ्यांपैकी आहे आणि हा गेमही खेळते, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

पाचगणीचे पठार मी तयार केलेले नाही, तरी त्याचे चित्र माझे असते, इतपत तर आपण मान्य कराल. तुमचा खरा आक्षेप असा आहे, की पठार कोणी ‘दाखवण्यासाठी’ केलेले नाही आणि टायरिया मात्र दाखवण्यासाठीच केलेले आहे. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. या गेममध्ये ‘व्हिस्टा’ नावाची ठिकाणे आहेत. उंच जागी एक चमकणारे चिन्ह असते, तिथपर्यंत चढून जायचे, ते दाबले की कॅमेरा आपल्या हातातून सुटून सगळ्या परिसरावरून फिरतो आणि निर्मात्यांना जे दाखवायचे आहे ते दाखवून परत येतो. अशा ठिकाणी घेतलेले चित्र बहुतेक वेळा प्रदर्शनातल्या चित्राच्या फोटोसारखेच असते, आणि म्हणूनच व्हिस्टापाशी मी कधीही चित्र घेत नाही. तिथून पंचवीस-तीस पावले खाली उतरते.

खाली उतरले की गंमत सुरू होते, कारण तिथे कोणी थांबेल असे गेम बनवणाऱ्यांनी फारसे गृहीत धरलेले नसते. एखाद्या खडकाच्या मागच्या बाजूचा पोत ताणलेला असतो, झाडाचा बुंधा जमिनीपासून चार बोटे वर तरंगत असतो. तिथे उभे राहून अग्रभूमीला काय घ्यायचे, कुठले झाड अर्धे कापायचे, क्षितिज वर ठेवायचे की खाली, हे सगळे निर्णय स्वतः घ्यावे लागतात. कॅलेडन फॉरेस्ट या प्रदेशात एका ओढ्याकाठी मी एक चित्र घेतले आहे, ज्यात चित्राचा तीन चतुर्थांश भाग केवळ एका मोठ्या पानाची सावली आहे आणि उरलेल्या कोपऱ्यात पाण्यावर पडलेला उजेड आहे. ते पान तिथे ठेवणाऱ्याने ते झाडाचा भाग म्हणून ठेवले होते. त्याच्या सावलीत बसून पाण्याकडे बघावे, असे त्याने ठरवलेले नसावे.

पाऊलवाट यांनी तटबंदीचे जे वर्णन केले आहे, त्यामागचे कारण जलरंगात आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. दूरची वस्तू फिकट, निळसर आणि कमी तपशिलाची दिसते. जवळची गडद, उबदार आणि ठसठशीत. या गेममध्ये दूरच्या वस्तूंवर धुक्याचा हात बराच जड आहे. तो कदाचित जुन्या संगणकांना दूरचे सगळे तपशील रेखाटायला लागू नयेत म्हणूनही असेल, पण चित्राला त्याचा फायदाच होतो. माझी एक चाचणी आहे. स्क्रीनशॉट अगदी लहान करायचा, टपाल तिकिटाएवढा, आणि डोळे बारीक करून बघायचा. तेव्हा त्यात तीन किंवा चार स्पष्ट छटा दिसल्या तर चित्र उभे राहते. सगळे राखाडी दिसले तर जागा बदलायची.

पाऊलवाट

रानजाई, टपाल तिकिटाची चाचणी माझ्या बावीस चित्रांवर करून पाहिली. आता नऊ उरली आहेत. मनापासून आभार, आणि थोडी तक्रारही.

जुनाभिडू, तुमच्या सिंहाबद्दल वाचून मी काल रात्री नव्या लायन्स आर्चमध्ये जाऊन आलो. मला ते शहर नेहमी जरा जास्तच स्वच्छ वाटत असे, पण त्याखाली काय होते हे ठाऊक नव्हते. तुमची ती सहाही चित्रे येथे द्यावीत. गप्पांच्या चौकटीसकट द्यावीत.

नवशिका

मी मागच्याच आठवड्यात फुकट खाते उघडले आहे. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे आणि त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. तुमच्यासारखी चित्रे मिळण्यासाठी नेमके काय वाढवायचे आणि काय कमी करायचे? इतर खेळाडूंची गर्दी चित्रात येते, तिचे काय करायचे? बाहेरचे फिल्टर टाकले तर अधिक चित्रासारखे दिसेल का?

पाऊलवाट

नवशिका, एकेक सांगतो. खेळताना सर्व काही मध्यम किंवा कमी ठेवा, आणि चित्र घ्यायच्या जागी पोचल्यावर, उभे असताना, ग्राफिक्सच्या पर्यायांत जाऊन सावल्या आणि पोत वाढवा. उभ्या माणसाला सेकंदाला पंधरा फ्रेम मिळाल्या तरी पुरतात. सावकाश हिंडण्याचा हा मोठा फायदा आहे. त्याच ठिकाणी रेंडर सॅम्पलिंग नावाचा पर्याय आहे. तो ‘सुपरसॅम्पल’वर ठेवला की गेम पडद्यापेक्षा मोठ्या आकारात चित्र तयार करून मग ते लहान करतो, त्यामुळे गवताच्या आणि पानांच्या करवती कडा मऊ होतात. लॅपटॉप तापेल. चित्र घेतले की लगेच उतरवा.

पोस्ट-प्रोसेसिंग हा पर्याय वाढवला की उजेडाभोवती एक धूसर वलय येते. सांजेला ते सुंदर दिसते, पण बर्फाच्या प्रदेशात भर दुपारी सगळे चित्र पांढरे फटक पडते. गर्दीसाठी पात्रांच्या संख्येची मर्यादा सर्वांत खाली आणावी, म्हणजे आजूबाजूचे बहुतेक खेळाडू दिसेनासे होतात. चित्र मुळात जेपेग म्हणून डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये साठते. बिटमॅप स्वरूपात साठवण्याचीही सोय आहे, ती मोठे छापायचे असेल तरच वापरावी.

फिल्टरबद्दल माझे मत जरा कडवट आहे. मी सुरुवातीला एका मोबाइल ॲपमधून काही चित्रांना तैलरंगाचा परिणाम दिला होता. चुलतभावाने ती बघून ‘कॅलेंडर छान झाले आहे’ असे सांगितले. प्रत्येक पानावर, दगडावर आणि चेहऱ्यावर एकाच मापाचा कुंचला फिरलेला होता; कोणता भाग स्पष्ट ठेवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे यंत्राला कळत नव्हते. सांज आणि धुके ते काम बरोबर करतात. त्यानंतर मी फिल्टर वापरलेला नाही.

आणखी एक, भारतातून खेळणाऱ्यांसाठी. या गेमचे सर्व्हर उत्तर अमेरिका आणि युरोप अशा दोन विभागांत आहेत आणि खाते उघडताना विभाग निवडावा लागतो. मी युरोप निवडला. लढाईत उत्तर यायला जो उशीर होतो तो जाणवतो, पण डोंगराला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो उड्यांच्या कोड्यांत. कॅलेडनमध्येच मॉर्गन्स स्पायरल नावाचे एक कोडे आहे, ज्यात एकावर एक अशा अरुंद जागांवर उड्या मारीत वर चढायचे असते. मी शेवटच्या टप्प्यात असताना आमच्याकडची वीज गेली. वीज आली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, आणि मी पुन्हा खालून चढलो, हे घरी कोणाला सांगितलेले नाही.

उडाणटप्पू

मी या धाग्यावर विरोधी पक्षात बसतो. २०१७ साली ‘पाथ ऑफ फायर’ या वाळवंटात घडणाऱ्या विस्तारात स्वारीचे प्राणी आले. ससाण्यासारखे तोंड आणि सिंहाचे धड असलेला ग्रिफन मिळवण्यासाठी मी अडीचशे सोन्याची नाणी आणि एक अख्खा गणेशोत्सव खर्च केला आहे, तेव्हा मी पायी चालणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आपण म्हणता तसे जमिनीवरून थर दिसतात, मान्य. पण उंच कड्यावरून ग्रिफनवर झेप घेतली की खालचा प्रदेश कसा आखला आहे ते कळते. नदी कुठून येते, रस्ता का वळतो, गाव तिथेच का आहे, हे सगळे एका नजरेत दिसते. चालणाऱ्याला जंगल दिसते, त्याचा आकार दिसत नाही. आणि ऑरसारखा प्रदेश, जिथे पायी चालताना दर दहा पावलांवर एखादा मृत सैनिक अंगावर येतो, तिथे निवांतपणा कुठून आणायचा?

पाऊलवाट

उडाणटप्पू, वाळवंटाच्या बाबतीत मी हार मानतो. तिथले नकाशे हे प्राणी गृहीत धरूनच आखलेले आहेत, अंतरे मोठी आहेत आणि पायी जाणे म्हणजे नुसती शिक्षा आहे. पण २०१२ चे मूळ नकाशे पायाच्या मापाने बांधलेले आहेत. तेव्हा एखाद्या व्हिस्टापर्यंत पोचायचे तर वाट शोधावी लागे. कधी पडक्या जिन्यावरून, कधी झाडाच्या आडव्या फांदीवरून. त्या वाटेवर कोणीतरी एक कंदील ठेवलेला असे, एक मोडकी गाडी ठेवलेली असे, आणि वळणावरून समोरचे दृश्य हळूहळू उघडेल अशी योजना असे. आता उंच उडी मारणारा स्प्रिंगर घेऊन सरळ कड्यावर चढता येते आणि २०१९ मध्ये आलेल्या, उडणाऱ्या स्कायस्केलवर बसून तर तेवढीही तसदी पडत नाही. कंदील ठेवणाऱ्याचे श्रम वाया जातात, एवढेच माझे म्हणणे आहे.

ऑरमध्ये मात्र मी चाललो आहे, आणि मेलोही आहे. समुद्रात बुडालेले आणि झायटन नावाच्या ड्रॅगनने पुन्हा वर आणलेले हे राज्य. देवळांच्या खांबांना पोवळी चिकटलेली आहेत. तिथल्या एका प्रदेशाचे नाव मॅल्कर्स लीप आहे. मॅल्कर हा शिल्पकार होता. देवतांच्या मूर्ती घडवता घडवता तो ड्वेना या देवतेच्या प्रेमात पडला आणि शेवटी त्याने कड्यावरून उडी घेतली, अशी गेममधली दंतकथा आहे. ही कथा कळल्यावर मी त्या प्रदेशात एका खांबाआड कॅमेरा लावून सांजेची वाट बघत बसलो. पाच मिनिटांच्या सांजेत तीन मिनिटे लढण्यात गेली. उरलेल्या दोन मिनिटांतले एक चित्र रानजाईंच्या चाचणीतून पार झालेल्या नऊंमध्ये आहे.

राईनकाठ

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मी जर्मनीत राहते आणि माझे वडील नाशिकला असतात. ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते आणि निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. आम्ही शनिवारी फोनवर बोलतो, पण हवामान आणि औषधे यांच्यापलीकडे संभाषण जात नसे. हा धागा वाचल्यावर मी त्यांच्या संगणकावर दुरून हा गेम बसवून दिला आणि फुकट खाते उघडून दिले. आम्ही दोघेही युरोप विभागात असल्यामुळे गेममध्ये भेटता येते. सुरुवातीचे तीन शनिवार त्यांना माऊसने मान वळवणे आणि कळफलकावर चालणे एकाच वेळी जमत नव्हते. ‘अगं, हा माणूस आकाशाकडेच बघत राहतो,’ अशी त्यांची तक्रार असे. मग मी चालण्याचे वेगळे बटण नेमून दिले, कारण धावायला लागले की त्यांना भोवळ येत असे.

आता ते चालतात आणि मी मागून जाते. शेमूरच्या रस्त्यावर त्यांनी मला वीस मिनिटे थांबवले. कुंपणाच्या लाकडावर सावली कुठून पडली आहे आणि ती तशी पडायला हवी होती का, यावर ते बोलत होते. त्यांनी सावलीत एक चूक काढली, मग त्यांनाच वाटले की चूक नसावी, मग ते कुंपणाच्या पलीकडून बघून आले. इतके सलग ते फोनवर कधी बोलले नव्हते. काल मी त्यांना या धाग्यातले पाऊलवाट यांचे तटबंदीचे वर्णन वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘डाव्या हाताला काही आहे का त्या चित्रात? नुसता तट असेल तर डोळा उजवीकडून बाहेर पडेल. एखादे झाड घ्यायला सांग.’

मी केवळ निरोप पोचवते आहे. राग मानू नये.

पाऊलवाट

राईनकाठ, सरांना माझा नमस्कार सांगावा. राग कसला, मी काल रात्री त्याच कामाला गेलो होतो.

शेताच्या बांधावर जिथे मी नेहमी उभा राहतो तिथून डावीकडे झाड येत नाही. त्यासाठी रस्ता ओलांडून, उतारावर, एका झुडपाला पाठ लावून उभे राहावे लागते आणि तिथून तटाचा एक बुरूज कमी दिसतो. पहिल्या संध्याकाळी झाड फार मोठे आले. दुसरीसाठी दोन तास थांबलो. त्या वेळी झाड बरोबर आले, पण चौकट लपवायची राहिली आणि जुनाभिडूंच्या सिंहासारखी गत झाली. तिसरी आपल्याकडच्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेल्यावर लागली. झाडाची काळी फांदी डावीकडून आत आली, खाली मक्याचे शेंडे उजेडात आले आणि तट मागे गेला. सरांचे म्हणणे अगदी खरे आहे, डोळा आता बाहेर पडत नाही.

चित्र घेताना पाठीमागून एका सेंटॉरने (अर्धा माणूस, अर्धा घोडा) हल्ला केला, हे मला चित्र घेतल्यावर कळले. त्याच्या भाल्याचे टोक उजव्या कोपऱ्यात आले आहे. ते कापून टाकता येईल, पण आधी सरांना दाखवा आणि त्यांना ते तिथे हवे आहे का, ते विचारून घ्या.